विडी सोडलेला माणूस

स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लागली तेव्हा माझा तळहात अजून झणझणत होता. आधी तांदळाचा डबा सरकवल्याचा आवाज आला, कारण वाऱ्याने दार आपटू नये म्हणून भारती तो डबा दाराला टेकवून ठेवते, आणि मग कडीचा. आवाज काही मोठा नव्हता. जुनी लोखंडी कडी, जरा कुरकुरली आणि बसली. श्रीरामपुरात ही जागा घेतल्यापासून ते दार कधी लागलेलं मी बघितलं नव्हतं, त्याला कडी आहे हेसुद्धा मी विसरलो होतो. चोर आला तर लावावी कडी. पिसाळलेलं कुत्रं गल्लीत शिरलं तर लावावी. भर दिवसा घरच्या कर्त्या माणसाला कडी लावायची म्हणजे काय, हे मी मोठ्याने बोललो की मनातल्या मनात, ते आता सांगता येत नाही. आत माझी बायको भारती होती आणि कालच पुण्याहून आलेली माझी पोरगी दिशा होती. बाहेर मी, प्लास्टिकची खुर्ची, आणि स्टुलावर ठेवलेला माझा डावा पाय.

मी भारतीला मारलं होतं. कानाखाली, पूर्ण हाताने, स्टिअरिंग ओढून ओढून घट्ट झालेल्या हाताने. हात उगारला होता दिशावर. भारती मधे आली, आणि उगारलेला हात आवरणं मला जमलं असतं, हे खरं आहे, तेवढा वेळ होता. तो मी आवरला नाही. ती ओट्याच्या कडेवर कोपर आपटून खाली बसली आणि बसल्या बसल्या तिने कान दाबून धरला. रडली नाही. मला तेच सहन झालं नाही आणि मी बाहेरच्या खोलीत आलो. रडली असती तर माझा राग उतरला असता असं मला वाटलं, आणि असं वाटणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण मी तसल्याच माणसाच्या घरात वाढलो.

पायाचं सांगतो. मी एसटीचा ड्रायव्हर. डावा पाय म्हणजे क्लच, क्लच म्हणजे माझी भाकर. अंगठा आधी गार पडायला लागला, मग रात्रंदिवस ठणकायला लागला, मग नखाच्या बाजूने जांभळा आणि शेवटी काळा. नाशिकचा डॉक्टर तरुण होता, त्याने अंगठ्याकडे नीट बघितलंही नाही, माझ्या बोटांवरचे पिवळे डाग बघितले. म्हणाला, "पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात. विडी ठेवा नाहीतर पाय ठेवा. दोन्ही मिळणार नाही." मी विचारलं, ती दंडाला चिकटवायची पट्टी, चघळायची गोळी, त्यातलं काही द्या की. तो म्हणाला, तुमच्या आजाराला ते चालत नाही, त्यातही निकोटीनच असतं, आणि या रक्तवाहिन्यांना निकोटीनच नको आहे. एक निराळी गोळी दिली, ती घेतली की आतडी तोंडात यायची. ती मी मोरीत फेकून दिली. त्या दिवशी नाशिकच्या स्टँडवर मी शेवटची विडी ओढली, आणि भारतीने माझ्या हातातलं बंडल घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकलं, तेव्हा ती किती खूष होती. येताना संगमनेरला तिने मला पेढे घेऊन दिले.

आता विडी सोडणं म्हणजे काय, हे न ओढणाऱ्याला कसं सांगायचं. लोक म्हणतात तल्लफ. तल्लफ वगैरे काही नसते, तल्लफ चहाची असते. हे निराळं. अंगावरचं कातडं कुणीतरी काढून घेतल्यासारखं होतं आणि मग त्या उघड्या अंगावर सगळं घर येऊन आदळतं. भारती चपाती लाटताना पोळपाट हलतो तो आवाज. शेजारचा टीव्ही. ताटात चमचा ठेवला तर तो कसा ठेवला. माणूस चावतो, गिळतो, श्वास घेतो, हे सगळे आवाज आयुष्यभर होतेच की, पण मला ते आता ऐकू यायला लागले आणि प्रत्येक आवाज मला मुद्दाम केलाय असं वाटायला लागलं. सुटी मंजूर व्हायच्या आधी मी गाडी चालवत होतो तेव्हा कोल्हारच्या पुढे एका मोटारसायकलवाल्याने कट मारला. मी पॅसेंजर भरलेली गाडी रस्त्यात उभी केली, खाली उतरलो आणि त्याला कॉलरला धरून डांबरावर लोळवला. कंडक्टरने मला मागून मिठी मारून ओढलं. त्या मोटारसायकलवाल्याचं नाक फुटलं होतं, त्याच्या शर्टवरचं रक्त बघून मला बरं वाटलं. अगदी विडीचा पहिला झुरका घेतल्यावर वाटतं तितकं बरं. त्या बरं वाटण्याला मी घाबरलो, पण घाबरून करतो काय.

माझा धाकटा भाऊ तुषार बेलापुरात राहतो. तोही ओढायचा. पण त्याचं ओढणं म्हणजे जेवण झाल्यावर एक, संध्याकाळी पारावर एक, एखादा दिवस विसरूनही जायचा. मी म्हणायचो, लेका तू विडी ओढतोस की विडीला ओवाळतोस. दोन वर्षांपूर्वी तो श्रामणेर शिबिराला, म्हणजे काही दिवस भिक्खू होऊन राहायला, गेला. आमच्या समाजात आता बरेच जण जातात. डोकं भादरायचं, चीवर अंगावर घ्यायचं, शीलं पाळायची, दुपारनंतर अन्न नाही, पहाटे ध्यान, आणि व्यसन अर्थातच बंद. तुषार परत आला तो विडी सोडूनच आला. ना चिडचिड, ना काही. उलट थोडा जाड झाला. सगळ्या बेलापुरात झालं की शिबिराने तुषारची विडी सुटली, मग माझा पाय काळा पडल्यावर जो येईल तो मला हेच सांगायला लागला. "दादा, मनाचा निश्चय पायजे," तुषार म्हणाला, "धम्मात सगळ्याला औषिद हाय." मी म्हणालो, बरं बाबा, जातो. आणि गेलो. प्रवरेच्या काठावरच्या एका विहारात शिबिर होतं. मी डोक्यावरचे केस दिले, मिशी दिली, चीवर नेसताना माझे हात थरथरत होते तर शिबिर घेणाऱ्या भन्तेंना वाटलं भावना दाटून आल्या असतील.

तिथे माझ्या शेजारी बनसोडे गुरुजी बसायचे, निवृत्त शिक्षक, सज्जन माणूस. पहाटे ध्यानाला बसलं की ते घसा साफ करायचे. खाकरायचे, थांबायचे, परत खाकरायचे. मी डोळे मिटलेले. श्वासावर लक्ष ठेवा, भन्ते सांगायचे, श्वास आत येतोय, श्वास बाहेर जातोय. माझं लक्ष गुरुजींच्या घशावर. आता खाकरतील. आता. नाही खाकरले तरी मी वाट बघत घामाने भिजायचो. एका पहाटे ते खाकरले आणि मी उठलो. शेजारी भिक्षेचं ॲल्युमिनियमचं भांडं होतं, ते मी दोन्ही हातांनी धरलं आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर घातलं. मग परत घातलं. त्यांचे पुढचे दात पडले, मांडीवर पडले, आणि त्यांनी आधी दात उचलले, मग माझ्याकडे बघितलं. ओळखीचं माणूस काही कामासाठी आलं तर बघावं तसं बघितलं. पाठीमागे बुद्धमूर्ती, समोर सगळे भादरलेल्या डोक्यांचे लोक, आणि माझ्या चीवरावर रक्त. भन्तेंनी मला खोलीत नेऊन स्वतःच्या हाताने माझ्या अंगावरचं चीवर उतरवून घेतलं, घडी घातली आणि माझी पँट-शर्ट पुढे ठेवली. प्राणिमात्राला इजा करणार नाही, हे पहिलंच शील. ते मी पाच जणांत मोठ्याने म्हटलं होतं. त्या दिवशी भादरलेल्या डोक्याने मी एसटीत बसून घरी आलो तेव्हा डेपोतल्या ओळखीच्या कंडक्टरने मला उठून जागा दिली, त्याला वाटलं मी काहीतरी पुण्य कमावून आलोय.

बाचं असंच होतं. माझा बाप, सहादू साळवे, साखर कारखान्यात बॉयलरवर. बाबासाहेबांच्या जयंतीला दरवर्षी स्टेजवर जाऊन तो विडी सोडल्याची शपथ घ्यायचा. टाळ्या पडायच्या, गळ्यात हार पडायचा, निळ्या झेंड्याखाली बा ताठ उभा राहायचा, आणि माझी आई भागिरथी त्याच वेळी घरात पिशवी भरत असायची. दोन लुगडी, तुषारची चड्डी, माझं दप्तर. कारण हार वाळायच्या आत बाचे हात सुरू व्हायचे. चुलीतलं लाकूड, पट्टा, पाण्याची घागर, जे हाताला येईल ते. एकदा तिला त्याने केसाला धरून उंबऱ्यावर डोकं आपटलं, वरण पातळ झालं होतं म्हणून. सकाळी ती आम्हाला घेऊन माहेरी निघाली तर रस्त्यात चार बाया म्हणाल्या, "आगं, नवरा एवढी चांगली शपत घेतो आन् तूच घर सोडून जाती व्हय?" मग कधीतरी बा परत विडी ओढायला लागायचा, परत माणसात यायचा, आणि आम्हाला न्यायला यायचा. येताना गोडीशेव आणायचा. शपथ मोडल्याबद्दल समाजात त्याची मान खाली आणि आमच्या घरात तेवढेच दिवस सुखाचे. मी तेव्हा ठरवलं होतं, बायकोवर हात टाकणार नाही. आणि नाही टाकला. पंचवीस वर्षं संसार झाला, भारतीला बोट लावलं नाही, दिशाला तर नाहीच. आता कळतंय, ते सगळं विडीच्या जिवावर चाललं होतं.

दिशा पुण्यात एमएस्सीला आहे. तिच्या प्रयोगशाळेत विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि सोडलेल्यांच्या थुंकीवर काम चालू होतं, दिवाळीला आली तेव्हा मॅडमची परवानगी काढून तिने माझी आणि तुषारची थुंकी नळीत भरून नेली होती. आम्ही हसलो होतो तिला, म्हटलं शिकून पोरगी आता बापाची थुंकी गोळा करती. काल ती आली ती त्याचं उत्तर घेऊन, आणि आज सकाळी चहा झाल्यावर तिने मला समजावून सांगितलं. अगदी हळू, पोराला समजावतात तसं. निकोटीन मोडून टाकायचं काम यकृतात होतं. कुणाच्या अंगात ते भराभर होतं, कुणाच्या अंगात संथ. ते कसं होणार ते जन्मताना मिळालेल्या जनुकांवरून बरंचसं ठरतं. "काकांच्या अंगात एक विडी बराच वेळ टिकते, पप्पा, म्हणून त्यांना दुसरी लागायचीच नाही. तुमच्या अंगात ती लगेच मोडून जाते. म्हणून तुम्ही जास्त ओढली, आणि म्हणून सोडताना तुम्हाला जास्त त्रास होतोय. हे एकमेव कारण नाही, पण हे एक कारण आहे. निश्चय कमी पडला असं नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, गोळ्यांचं बघू."

पहिल्यांदा मला राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. जन्मताना मिळालेलं. म्हणजे रक्तातलं. हा शब्द आमच्या घरात चालत नाही. मी शाळेत असताना गावच्या एका बागायतदाराने बाला तोंडावर सांगितलं होतं, तुम्हा लोकांच्या रक्तातच हाय, आणि बाने त्याच्या अंगावर फावडं घातलं होतं, आणि ते फावडं मला आजही बरोबर वाटतं. जन्माने कुणी काही होत नाही, हे ज्या माणसाने आम्हाला शिकवलं त्याचा फोटो भिंतीवर आणि त्याच्याच खाली बसून माझी शिकलेली पोरगी मला सांगते की तुमच्या जन्मातच आहे. मी तसं बोललो. ती म्हणाली, "पप्पा, हे जातीचं नाही. तुम्ही आणि काका एका आईबापाचे, तरी वेगळे निघालात ना. हे कुठल्याही घरात, कुठल्याही जातीत असंच पडतं." आणि मग मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी नव्हे. म्हणजे बनसोडे गुरुजींचे दात, तो मोटारसायकलवाला, गेल्या महिन्यात मी भारतीचा हात पिरगाळला आणि मनगट सुजलं तेसुद्धा, हे सगळं त्या यकृताने केलं. मी ओट्याकडे वळून भारतीला म्हणालो, "ऐकलंस का? माझा दोष न्हाई."

ती भांडी घासत होती. म्हणाली, "दोष कुनाचा का आसंना. मार मलाच लागतो."

एवढंच. मी काही बोलणार तोच दिशा म्हणाली, "पप्पा, मी तुम्हाला कारण सांगितलं. मारायची सूट नाही दिली." आवाज न चढवता म्हणाली. तिच्या तोंडात बिस्किट होतं, बोलून झाल्यावर तिने ते चावलं, आणि तो चावल्याचा आवाज माझ्या डोक्यात गेला. पुढचं सांगितलंच आहे.

तर मी त्या दाराबाहेर. आधी मी चांगला बोललो. भारती, दार उघड. दिशा, बाळ, दार उघड. आतून फक्त नळाच्या पाण्याचा आवाज, म्हणजे भारती कानाला गार फडकं लावत असेल. मग मी वाईट बोललो. ते इथे सांगण्यासारखं नाही. बा आईला जे बोलायचा तेच सगळे शब्द, एकसुद्धा विसरलो नव्हतो, कुठे साठवून ठेवले होते कोण जाणे. मग मी उठलो आणि दाराला लाथ घातली. डाव्या पायाने. उजवा होता की, चांगला धडधाकट, पण राग आला की माझा क्लचचाच पाय पुढे जातो. अंगठा लाकडावर आपटला तेव्हा मला पांढरं दिसलं, सगळी खोली पांढरी, आणि मी परत घातली. आणि परत. दाराचं खालचं फळकूट तडकलं. नख उपटून बाजूला लोंबायला लागलं, काळ्यातून लाल यायला वेळ लागला आणि आलं तेही थोडंसंच, कारण तिथपर्यंत रक्त पोचतंच कुठे. आतून दिशाचा आवाज आला. ती रडत नव्हती, ती कुणाला तरी फोन लावत होती आणि भारती तिला म्हणत होती, "नगं. काकाला नगं बलवू. कुनाला नगं."

मी फरशीवर बसलो. पाय दोन्ही हातांनी धरून बसलो. ठणका असा की दातावर दात बसेना, आणि त्या ठणक्यातसुद्धा मला विडीच पाहिजे होती, पायासाठी औषध नको होतं, कुणाची माया नको होती. बसल्या बसल्या मला मागच्या दाराचा आवाज आला. स्वयंपाकघराला मागे एक दार आहे, बोळात उघडतं. उघडलं, लागलं. चपला वाजत गेल्या. भारतीच्या चपला, एकीचा अंगठा शिवलेला आहे, ती जरा फरफटते. गेली. मला वाटलं, पिशवी भरली असेल. माहेरी जायचं म्हणजे राहुरीची गाडी, ती आता थोड्या वेळात आहे, मीच कितीदा नेली ती गाडी. दिशा मागून जाईल. आणि मी कुणाच्या दारात गोडीशेव घेऊन उभा राहणार. मला ओरडून तिला थांबवायचं होतं पण तोंडातून नुसता श्वास निघाला. मी पहिल्यांदा खरा घाबरलो ते तेव्हा. पाय जाईल म्हणून इतके दिवस घाबरलो होतो ते काहीच नव्हतं.

मग पुढचं दार ढकललं गेलं आणि भारती आत आली. बोळातून वळसा घालून आली होती. पदर डोक्यावरून कानापर्यंत ओढलेला. हातात पिशवी नव्हती. ती माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली, मला बघितलं, पायाकडे बघितलं, तडकलेल्या दाराकडे बघितलं. मग वाकली आणि स्टुलावर एक विडीचं बंडल ठेवलं आणि वर काडेपेटी.

"वढा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "डॉक्टर काय म्हणला म्हाईत न्हाई का तुला?"

"म्हाईत हाय. मी बी हुते की तिथं."

"पाय जाईल, भारती."

"जाऊ द्या." ती अजून उभीच होती, मी उठलो तर मागे सरता येईल अशी. "पाय गेला तर मी धरून नेईन तुमाला. मोरीत नेईन, दवाखान्यात नेईन, जलमभर नेईन, तोंडातून शबूद न्हाई काढायची. पन हे हात मला न्हाई सोसत आता. आज माझ्यावर पडला. उद्या पोरीवर पडंल. मग मी तुमाला झोपंत मारून टाकीन, आन् मला तसली बाई व्हायचं न्हाई. वढा तुमी."

आत कडी सरकली. दिशा दारात आली, तिने बंडल बघितलं आणि आईकडे बघितलं. "आई, वेडी झालीस का? गोळ्या आहेत, मी सांगितलं ना, दुसऱ्या गोळ्या आहेत, वेळ लागेल पण..."

"वेळ लागंल," भारती म्हणाली. "तवर कोन मार खाईल ते सांग."

दिशा दारातच हुंदके द्यायला लागली. मी नको म्हणायला पाहिजे होतं. बंडल उचलून दाराबाहेर भिरकावून द्यायला पाहिजे होतं, म्हणायला पाहिजे होतं की पायही ठेवीन आणि हातही आवरीन, दोन्ही करीन. तसं म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझा हात तोवर बंडलाचा दोरा तोडत होता. काडी पेटली. पहिला झुरका आत गेला आणि घरातले सगळे आवाज एकेक करून लांब गेले, शेजारचा टीव्ही, नळ, दिशाचं हुंदके देणं, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. माझे हात थांबले. मी ते बघितले, माझेच होते, गुडघ्यावर गप्प पडलेले.

भारतीही तेच बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. बराच वेळ बघितलं, मग ती पुढे आली आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या जवळ, माझ्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून खाली बसली. पदर कानावरून खाली आला. कान लाल होता, खालून सुजला होता, माझी चार बोटं गालावर नीट मोजता येत होती. तिने डोकं मागे भिंतीला टेकवलं, डोळे मिटले आणि तिला झोप लागली. बसल्या बसल्या, तोंड थोडं उघडं ठेवून, गाढ. किती दिवस ती झोपली नव्हती ते मला माहीत नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं. तिचं डोकं घसरत माझ्या खांद्यावर आलं. पाय आतून जळत होता, सरकवून ठेवावा असं फार वाटत होतं, पण ती जागी झाली असती. म्हणून मी तो तसाच ठेवला आणि दुसरी विडी पेटवली.